नागपूर ते व्हँकूव्हर, बावन्न मिनिटं

नागपूर ते व्हँकूव्हर हे अंतर अकरा हजार आठशे ब्याण्णव किलोमीटर आहे. हा आकडा हेमंत सालोडकरांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ होता, आणि त्याबद्दल त्यांच्या पत्नीनं, रेवतीबाईंनी, त्यांना कधीच माफ केलेलं नव्हतं.

सालोडकर उड्डाण नियोजक होते. म्हणजे वैमानिक नव्हेत. वैमानिकानं कुठून जायचं, किती उंचीवरून जायचं आणि टाकीत इंधन किती घ्यायचं, हे लिहून देणारा एक माणूस खाली खुर्चीत बसलेला असतो, तो. एका विमान कंपनीत बत्तीस वर्षं नागपुरातूनच त्यांनी हे काम केलं आणि निवृत्त झाल्यावरही प्रतापनगरलाच राहिले. नकाशावर सरळ दिसणारी रेघ पृथ्वीवर लांबची निघते आणि वाकडी दिसणारी जवळची, हे ते आल्यागेल्याला संत्र्यावर दोरा ताणून समजावून सांगत. नागपूरहून व्हँकूव्हरला जायचं तर पूर्वेला नाही, पश्चिमेला नाही, जवळजवळ नाकासमोर उत्तरेला निघायचं, सैबेरियावरून ध्रुवाच्या कडेकडेनं. पाहुणा मान डोलवायचा, संत्रं सोलून खायचा आणि निघून जायचा.

स्वतः सालोडकर मात्र फारसे कुठे गेले नाहीत. कंपनीचं फुकट तिकीट मिळायचं, पण विमानात जागा रिकामी राहिली तरच. दिवाळीच्या दिवसांत विमानात जागा रिकामी राहते असं मानणारा माणूस उड्डाण नियोजक होऊच शकत नाही.

व्हँकूव्हरला त्यांची थोरली बहीण होती. वैजयंती. चार वर्षांनी मोठी. लग्न होऊन गेली ती तिकडचीच झाली. मूलबाळ नाही, आणि आठ वर्षांपूर्वी यजमान गेले. सालोडकर बहिणीकडे आयुष्यात एकदाच गेले होते. एकतीस तासांचा प्रवास, तीन विमानं, दोन मोठ्या बॅगा, त्यातल्या एकीत निव्वळ लोणचं आणि सांडगे. पाच आठवडे राहिले. निघताना ताई विमानतळावर इतकी रडली, की तिथल्या एका पोलिसानं येऊन काही गुन्हा घडलाय का म्हणून चौकशी केली.

बाकी सगळी वर्षं फोनवर. दर भाऊबीजेला तोच संवाद.

"काऊन रे हेमू, येऊन नाही राहिला?"

"अकरा हजार आठशे ब्याण्णव किलोमीटर आहे ताई. काय करणार?"

"हो ना रे. काय करणार."

यात कुणाचा दोष नव्हता. दोष पृथ्वीच्या परिघाचा होता, आणि परिघाशी भांडण करता येत नाही.

ज्या बहिणीचा भाऊ येऊ शकत नाही, तिनं भाऊबीजेला चंद्राला ओवाळावं, असा आपल्याकडे रिवाज आहे. रिवाज चांगला आहे, पण तो घालून देणारांपैकी कुणी व्हँकूव्हरला राहिलेलं नव्हतं. तिथे त्या दिवसांत आभाळ असं भरलेलं असतं की चंद्र आहे हे सरकारी पत्रकावर विश्वास ठेवून मान्य करावं लागतं. त्यातून भाऊबीजेचा चंद्र म्हणजे नखाएवढी कोर. सूर्यापाठोपाठ मावळायच्या घाईत असलेला.

तेव्हा सालोडकर तो शोधून देत. व्हँकूव्हरची संध्याकाळ म्हणजे नागपूरची दुसऱ्या दिवशीची सकाळ. ते सहाला उठत, दात घासून, टोपी घालून टेबलाशी बसत, चंद्राची दिशा आणि उंची काढत आणि फोन लावत.

"बाल्कनीत आली का?"

"आली. ताट धरून उभी आहे. पटकन सांग, वारा आहे."

"चर्चचा मनोरा दिसतो? हात लांब कर. मनोऱ्यापासून उजवीकडे तीन बोटं. आता तिथून वर दोन बोटं."

"नुसता ढग आहे रे."

"ढगामागे आहे. ओवाळ."

"चुकलं तर? उगाच ढगाला ओवाळायची मी."

"विमानं पोचवली ताई जन्मभर. चंद्र कुठे जातोय?"

मग फोनवर ताम्हणात सुपारी घरंगळल्याचा आवाज यायचा. सालोडकर नागपुरात, टेबलाशी, डोक्यावर टोपी घालून ताठ बसलेले असायचे. रेवतीबाई चहा घेऊन येत आणि कपही वाजू न देता ठेवून जात. सव्वीस वर्षं हे चाललं.

मग टप्पा आला.

त्याचं सरकारी नाव बरंच लांब होतं आणि त्यात 'अतिशीघ्र' हा शब्द दोनदा येत होता. लोकांनी त्याला टप्पा म्हणायला सुरुवात केली, कारण तो तसाच जायचा. एक अग्निबाण यानाला उचलून एकशे दहा किलोमीटर उंचीवर, हवेच्या बाहेर, नेऊन सोडायचा. तिथे अडवायला काही नसतं. तासाला बावीस हजार किलोमीटर वेगानं यान निघायचं, खाली घसरत हवेच्या वरच्या थराला पोट टेकवायचं आणि तळ्यावर आडवा भिरकावलेला चपटा दगड उसळतो तसं उसळून पुढे जायचं. असे चार-पाच टप्पे घेतले की जगाचं दुसरं टोक.

ही कल्पना जुनीच होती. अडचण उष्णतेची होती. त्या वेगानं हवेवर घासलं की लोखंडाचं पाणी व्हावं. ती अडचण ज्या शास्त्रज्ञ बाईंनी सोडवली त्यांनी मुलाखतीत सांगितलं, की आपल्याला हे स्वयंपाकघरातल्या माठावरून सुचलं. माठ झिरपतो, झिरपलेलं पाणी वाळतं, वाळताना उष्णता घेऊन जातं. यानाच्या पोटाला त्यांनी अतिसूक्ष्म छिद्रं असलेली चिनी मातीची कातडी लावली आणि आतून पाणी झिरपत ठेवलं. टप्पा म्हणजे थोडक्यात तासाला बावीस हजार किलोमीटर वेगानं उडणारा माठ होता. नागपूरकरांना याचा अभिमान वाटला. उन्हाळ्याशी त्यांचं भांडण पिढ्यान्‌पिढ्यांचं.

एक अट होती. वर चढताना साडेचार मिनिटं छातीवर आपल्याच वजनाची आणखी दोन माणसं बसल्यासारखं वाटायचं. म्हणून चढण्याआधी हृदयाची तपासणी. सालोडकरांचं हृदय उत्तम निघालं. डॉक्टर म्हणाले, "फारसं वापरलेलं दिसत नाही." रेवतीबाईंना हा डॉक्टर आवडला.

नागपूर ते व्हँकूव्हर बावन्न मिनिटं. दर तीन तासांनी एक टप्पा. भाडं पुण्याच्या दिवाळीतल्या खासगी बसपेक्षा कमी, आणि तिकीट कितीही वेळा पुढे ढकलायची मुभा.

समाजात पहिल्या वर्षी जो गोंधळ उडाला तो पुष्कळांनी लिहून ठेवला आहे. सासूपासून लांब म्हणून मेलबर्नला घर घेतलेल्या सुनेच्या दाराशी सासू सकाळी अळूची पानं घेऊन हजर होऊ लागली. "पोचल्यावर कळव" हे वाक्य भाषेतून गेलं, कारण कळवेपर्यंत माणूस परत आलेला असायचा. पण सगळ्यात मोठं नुकसान कुणाच्या लक्षात आलं नाही. 'लांब आहे' हे कारण गेलं. हजारो वर्षं माणसांनी हे कारण पांघरुणासारखं वापरलं होतं, त्याखाली कितीतरी गोष्टी उबेत झोपल्या होत्या. ते एकाएकी ओढून घेतलं गेलं.

सालोडकरांनी पहिल्याच वर्षी फोन करून जाहीर केलं, "ताई, आता चंद्र बंद. या भाऊबीजेला मी."

"खरं सांगून राहिला?"

"बावन्न मिनिटं ताई! इथून बुटीबोरीला जायला जास्त लागतात."

ताईनं आदल्या दिवशीपासून कोथिंबीर भरलेल्या पुडाच्या वड्या करायला घेतल्या. कोथिंबिरीसाठी तीन दुकानं फिरली.

आता यात सालोडकरांचं काय चुकलं ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण दुसऱ्या कुणाचं असं चुकलं नसतं. व्हँकूव्हरचं घड्याळ तेव्हा साडेबारा तास मागे होतं. म्हणजे नागपुरात भाऊबीज संपली तरी तिकडे ती नागपूरच्या दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत चालूच. सालोडकरांनी कागदावर मांडून दाखवलं, की त्यांची भाऊबीज साडेछत्तीस तासांची आहे. इतकी मोठी भाऊबीज जगात कुणाची नाही. मग सकाळी घाई कशाला? सकाळ फराळात गेली. दुपारी सोसायटीची सभा होती, पाण्याच्या टाकीचा प्रश्न बारा वर्षं सालोडकरांवाचून अडला होता. संध्याकाळी चुलतबहीण आली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आखडला.

"अहो, निघा ना," रेवतीबाई म्हणाल्या. "ताई वाट पाहून राहिल्या असतील."

"अजून सहा तास भाऊबीज आहे."

साडेअकराला त्यांनी फोन केला. "ताई, असं करतो, शनिवारी येतो. आता काय, केव्हाही!"

"हो रे, केव्हाही," ताई म्हणाली. "वड्या फ्रिजमध्ये ठेवते."

तो शनिवार आला आणि गेला. त्यानंतरचेही शनिवार येत राहिले, शनिवारांची तीच खोड असते. तिकीट पुढे सरकत राहिलं. दर तीन तासांनी टप्पा सुटताना प्रतापनगरच्या खिडक्या थरथरायच्या आणि सालोडकर घड्याळ बघून म्हणायचे, "वेळेवर सुटला."

दुसऱ्या वर्षी चंद्रग्रहणावर भाषण द्यायचं होतं. तिसऱ्या वर्षी काय होतं ते त्यांनाही आठवत नाही.

"रामटेकला किती वर्षांत गेला नाहीत?" रेवतीबाईंनी एकदा विचारलं.

"बावीस. का?"

"आणि काशीला?"

"दोनदा जाऊन आलो."

"रामटेक पन्नास किलोमीटर आहे. काशीला जायला तुम्ही महिनाभर तयारी केली होती. ताई लांब होत्या तोवर तुमच्या होत्या. आता रामटेक झाल्यात."

सालोडकर हसले. बोलणं विनोदी होतं, आणि विनोदी बोलण्याचा हा एक फायदा असतो, की त्यावर हसून मोकळं होता येतं.

चौथ्या वर्षी दिवाळीत फोन झाला. ताई पुष्कळ बोलली. तिकडचा पाऊस, शेजारीण बलजीतनं दिलेले पंजाबी पिन्नीचे लाडू, गुळाचा भाव. फोन ठेवल्यावर सालोडकर बराच वेळ हातातल्या फोनकडे बघत राहिले.

"काय झालं?" रेवतीबाईंनी विचारलं.

"विचारलं नाही तिनं."

"काय?"

"येतो का म्हणून. तीस वर्षांत पहिल्यांदा."

रेवतीबाईंच्या ठेवणीतली वाक्यं पुष्कळ होती, पण त्यांनी एकही काढलं नाही. सालोडकर त्याच क्षणी घाबरले. आपण काहीतरी घालवून बसलोय की काय, आणि घालवलं असेल तर ते अजून हाती लागेल का, एवढा एकच प्रश्न त्यांच्यापुढे उरला. त्यांनी भाऊबीजेचं तिकीट काढलं आणि या वेळी गणित केलं नाही.

संध्याकाळी आठला नागपूर सोडलं. साडेचार मिनिटं छातीवर दोन सालोडकर बसले. मग चांदण्यांचं लुकलुकणं थांबलं, पृथ्वी खाली वाकडी दिसली, आणि जो मार्ग त्यांनी बत्तीस वर्षं कागदावर आखला होता तो सैबेरियावरून, बर्फाच्या कडेकडेनं, अंधारात प्रत्यक्ष खालून सरकत गेला. त्यांचा हिशोब तंतोतंत बरोबर होता. शेजारच्या प्रवाशाला हे सांगावं असं त्यांना वाटलं, पण तो झोपला होता.

व्हँकूव्हरला सकाळचे आठ बावीस झाले होते. भाऊबीज नुकतीच उजाडत होती.

ताईचं दार एका उंच, साठीच्या बाईनं उघडलं. हातात सुपाचं भांडं. हीच बलजीत असावी.

"किससे मिलना है?"

"मैं वैजयंती का भाई. नागपूर से."

तिनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "भाई?" ती म्हणाली. "अच्छा. है एक, बोली थी." आणि बाजूला झाली.

ताई खिडकीशी खुर्चीत बसली होती. अंगावर शाल, आणि शालीत ताई थोडी. सालोडकरांना पाहून तिचा चेहरा आधी उजळला, मग तिनं त्यांच्या मागे पाहिलं.

"सामान कुठे आहे रे?"

सालोडकरांच्या खांद्याला एक लहान पिशवी होती. तिच्यात टोपी, चष्मा आणि चकल्यांचा डबा. "सामान काय करायचंय ताई, संध्याकाळी परत…" वाक्य त्यांनी तिथेच सोडलं, पण सोडायला उशीर झाला होता.

"हो ना," ताई म्हणाली. "खरंच. बैस."

खुर्चीशेजारच्या तिपाईवर गोळ्यांचे सात कप्पे होते. शालीच्या वर, गळ्याखाली, एक गुलाबी रेघ दिसत होती. सालोडकर आयुष्यभर रेघा वाचत आले होते.

"हे काय आहे?"

"झडप बदलली हृदयाची. मार्चमध्ये."

"मार्चमध्ये? ताई, मार्चमध्ये आपण चार वेळा बोललो!"

"बोललो की. तू टाकीचं सांगून राहिला होता."

"कळवलं का नाहीस?"

ताईनं बलजीतकडे पाहिलं. बलजीतला मराठी येत नव्हतं, पण ती सूप घेऊन आत गेली.

"हे बघ हेमू, रागावू नको. हृदयाचं मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. तू नाही आला, म्हणून मी म्हटलं आपणच जावं, गुढीपाडव्याला तुझ्या दारात उभं राहावं, गंमत करावी. टप्प्याची तपासणी करायला गेले. ते म्हणाले, बाई, तुम्ही चढलात तर उतरणार नाही." ती हसली. "मग गोळ्या, मग ऑपरेशन."

"अगं पण एक फोन! मी बावन्न मिनिटांत आलो असतो."

"म्हणूनच नाही केला."

सालोडकरांना कळेना.

"तू लांब होता ना, तेव्हा मी सगळं कळवायची," ताई म्हणाली. "ताप आला तरी. हे गेले तेव्हा रात्रभर तुझ्याशी बोलले. तू येऊच शकत नव्हता. नाही आला तरी माझा भाऊ मला होता. आता कळवलं असतं, आणि तू शनिवारी येतो म्हणाला असता, तर? ऑपरेशनच्या टेबलावर मला ते माहीत करून घ्यायचं नव्हतं रे."

ती हे तक्रारीच्या सुरात बोलली असती तर सालोडकरांना उत्तर सापडलं असतं. ती भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तशी बोलली.

थोड्या वेळानं ताई उठली. ताम्हण शोधायला तिला वेळ लागला, ते धान्याच्या डब्यांमागे गेलं होतं. सुपारी नव्हती, बदाम घेतला. सालोडकर पिशवीतली टोपी घालून बसले. ओवाळताना ताम्हण तिला पेलेना, म्हणून त्यांनी खालून आपला हात लावला. भाऊबीजेला भावानं ताम्हण धरायचं नसतं, पण कुणी काही म्हणालं नाही.

"मधली तीन वर्षं… चंद्राला ओवाळायची का?" त्यांनी विचारलं.

"नाही रे. गेले होते बाल्कनीत पहिल्या वर्षी. नुसता ढग. कुठे आहे ते सांगणारं कोणी नव्हतं."

सालोडकरांनी टोपी काढली. सव्वीस वर्षं सकाळी सहाला उठून जे दिलं ते त्यांनी स्वतःच बंद केलं होतं, मोठ्या थाटात, त्याहून चांगलं काहीतरी देतो म्हणून. आणि ते चांगलंही दिलं नव्हतं.

"मी राहतो ताई," ते एकदम म्हणाले. "परतीचं तिकीट रद्द करतो. महिनाभर राहतो. दोन महिने."

ताईनं त्यांच्याकडे मायेनं पाहिलं. लहानपणी ते मोठेपणी विमान विकत घेऊन देतो म्हणायचे तेव्हा असंच पाहायची.

"राहतो म्हणशील, आणि मी कोथिंबीर आणायला सांगीन. मग तुला काहीतरी काम निघेल. तू वाईट नाहीस रे, तुला निघतंच काम. डॉक्टरनं धक्के नको म्हणून सांगितलंय हेमू. चकल्या ठेव इथे. बरं झालं आला."

बारा वाजता तिला औषधानं झोप यायला लागली. सालोडकरांनी शाल नीट केली. मग ते म्हणाले, "येतो मी परत."

"ये की," ताई डोळे मिटून म्हणाली. कुठल्या दिवशी, ते तिनं विचारलं नाही. "जाताना दार नुसतं ओढून घे."

पूर्वी, त्या पाच आठवड्यांनंतर, याच दारातून पाच माणसं त्यांना पोचवायला निघाली होती. आता दाराबाहेरच्या गल्लीत कुणी नव्हतं. सालोडकरांनी आवाज होऊ नये म्हणून दार हळूच ओढलं. कुलूप आपोआप बसलं. बाहेरून ते उघडायला किल्ली लागायची, आणि किल्ली बलजीतकडे होती.